दारात उभं राहून ‘होडी’ म्हणायचं

आलेलं पत्र (थोडं कापून):

‘ताई, मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावातली, वय 26. मत्स्यशास्त्रात पदवी घेतली आणि गेली तीन वर्षं ‘उमेद’मध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, कंत्राटी काम करते. बायकांचे बचत गट, त्यांची हिशोबाची दप्तरं, सुक्या मासळीचा व्यवसाय हे माझं काम. केनियाच्या किनाऱ्यावर किलिफी भागात एक छोटी स्थानिक संस्था मासळी सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांसोबत काम करते. तिथे जून ते ऑगस्ट बारा आठवडे स्वयंसेवक म्हणून जायची संधी एका मध्यस्थ कंपनीतर्फे आली आहे. कंपनी 1 लाख 90 हजार मागते, विमानाचं तिकीट वेगळं. माझ्या नावावर सव्वातीन लाख आहेत. बाबा म्हणतात, पैसे भरून फुकट राबायला कोण जातं? आई म्हणते, आपल्या गावातलं काम संपलं काय? घरात माझ्या लग्नाचंही चाललंय, आणि मी पळून तर चालले नाही ना, असं माझं मलाच वाटतं कधी कधी. जाऊ की नको? ता. क. जायचं ठरलंच तर त्या बायकांसाठी इथून काय नेऊ?’

बाय, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण एक गोष्ट शोधत होते. कंपनी काय म्हणते ते आहे. बाबा, आई, लग्न, पैसे, सगळं आहे. किलिफीच्या बायका काय म्हणतात ते मात्र कुठेच नाही. तुला आवतण कोणाचं आहे?

हा प्रश्न मला का पडतो ते सांगते. सतराएक वर्षांपूर्वी आमच्या छोट्या संस्थेत परदेशातून दोन तरुण सहा आठवड्यांसाठी आले होते. पोरं गुणी होती. मे महिन्याच्या उन्हात टोपी न घालता राबायची, आंबोळ्या मागून मागून खायची. शाळेच्या मागे गांडूळखताचे दोन पक्के हौद बांधायचे, असं त्यांनी ठरवलं. जांभ्याचे चिरे आणले, गवंडी मीच मिळवून दिला. गावातले चार म्हातारे रोज पारावर बसून ते बांधकाम बघायचे, विड्या ओढायचे, घरी जायचे. पोरं आपल्या देशात परत गेली आणि आठवड्याभरात मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला. डोंगरातला व्हाळ सरळ त्या हौदांतून वाहिला. ती वाट व्हाळाचीच होती. मे महिन्यात कोरडी असते, म्हणून नवख्याला दिसत नाही. त्यातल्या एका आजोबांना मी चिडून विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर बोललात का नाही? तर म्हणाले, ‘पावणे होते गो. एवढ्या लांबून आलेले. मोडता कशाला घालायचा?’

हौद अजून आहेत. उन्हाळ्यात त्यांत कोंबड्या बसतात.

तेव्हापासून स्वयंसेवेचं कोणतंही पत्रक हातात आलं की मी एवढंच बघते, की या पाहुण्याला ‘नको’ म्हणायची सोय यजमानाकडे आहे की नाही. आपण कोकणातली माणसं तोंडावर ‘होय होय’ म्हणून मागून आपल्याला हवं तेच करण्यात पटाईत, हे मी तुला सांगायला नको. तू बचत गटांच्या बैठका घेतेस. साहेब आले की बायका कशा माना डोलावतात ते तू रोज बघतेस. किलिफीत तूच साहेब असशील. विमानातून उतरलेली, इंग्रजी बोलणारी, आणि तुझ्यामुळे मध्यस्थाकडून संस्थेला चार पैसे मिळणार. मग तुला कोण सांगणार, की बाई, ही मासळी सुकवायची रॅक चुकीच्या जागी लावतेस, इथे भरतीचं पाणी येतं?

त्या किनाऱ्यावरचा एक रिवाज तुला आवडेल. माझी चुलत बहीण लग्न होऊन मोंबासाला गेली, तिच्याकडे मी एकदा दोन महिने राहिले होते. तिथे कोणाच्या दारात गेलं की बाहेर उभं राहून हाक मारायची, ‘होडी!’ मला पहिल्या दिवशी वाटलं, कुठली होडी आली? पण स्वाहिलीत त्याचा अर्थ ‘आत येऊ का?’ असा. आतून ‘करिबू’, म्हणजे ‘या’, असं ऐकू आलं तरच उंबरा ओलांडायचा. आतून आवाज नाही आला तर आणखी एक-दोनदा म्हणायचं आणि परत फिरायचं, राग न धरता. तुझ्या बाबतीत ‘होडी’ अजून कोणी म्हटलेलंच नाही. कंपनी परस्पर आतून ‘करिबू’ म्हणतेय.

आता जून ते ऑगस्टकडे ये. हे वाचलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. मासळीच्या गावात वाढलेल्या मुलीच्या लक्षात हे कसं आलं नाही? आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून तुला तो काळ मोकळा वाटला असणार. पण त्यांचाही समुद्र मोसमी वाऱ्यांवरच चालतो. तिथे साधारण एप्रिल ते सप्टेंबर ‘कुसी’ असतो, दक्षिणेकडून येणारा वारा. समुद्र खवळलेला, छोट्या होड्यांना बाहेर जाणं अवघड, मासळी कमी. नोव्हेंबर ते मार्च ‘कास्काझी’, ईशान्येचा वारा. तेव्हा समुद्र निवांत आणि मासळी भरपूर. याच कास्काझीवर पूर्वी आपल्या बाजूची गलबतं तिकडे जायची आणि कुसीवर परत यायची. म्हणजे कंपनी तुला मासळी सुकवायला पाठवतेय ते नेमकं मासळी कमी असताना! हे म्हणजे आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झाल्यावर सोडे विकायला निघण्यासारखं झालं. जून ते ऑगस्ट कोणाच्या सोयीचं? युरोप-अमेरिकेतल्या कॉलेजांना तेव्हा सुट्टी असते. वेळापत्रक गिऱ्हाइकाचं आहे, मामा करांगांचं नाही. (तिथे मासे तळून विकणाऱ्या बायकांना मामा करांगा म्हणतात. आपल्या हर्णैच्या लिलावात पाटी लावून बसलेल्या बायका डोळ्यांसमोर आण, फार फरक नाही.)

तेव्हा हे जूनचं नको. पण ‘जाऊच नको’ असं मी म्हणत नाही.

तुझं पत्र खूप वर्षांत आलेल्या बऱ्या पत्रांपैकी आहे, कारण तुझ्या हातात खरोखर काहीतरी आहे. ‘मुलांना इंग्रजी शिकवीन’, ‘शाळेला रंग देईन’ असं तू लिहिलेलं नाहीस. गटाचं दप्तर कसं लिहायचं, अंतर्गत कर्जाचा हिशोब कसा ठेवायचा, थकलेली परतफेड भांडण न करता कशी काढायची, हे तुला येतं. आणि मासळी वाळूवर पसरण्याऐवजी रॅकवर सुकवली तर किती स्वच्छ राहते आणि बाजारात तिला भाव कसा चढून मिळतो, हे तू केलेलं आहेस. केनियातही बायकांचे असे गट गावोगाव आहेत. त्यांना ‘चामा’ म्हणतात. आपल्या भिशीसारखी पाळीपाळीने रक्कम उचलायची पद्धतही तिथे चालते. हिशोबाला स्वाहिलीत शब्द काय, माहितेय? ‘हेसाबु’. दुकानाला ‘डुका’. विम्याला ‘बिमा’. अरबी-फारसीचं देणं दोन्ही किनाऱ्यांना सारखंच पोचलंय. घरं माडाच्या झापांनी शाकारतात, माडी काढतात, मासळीच्या कालवणात नारळाचा रस घालतात. तू तिथे परकी असशील, पण आडाणी नसशील.

उलट शिकण्यासारखंही तिथे बरंच आहे. मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा ही सोय तिथे 2007 मध्ये सुरू झाली. आपल्याकडे भाजीवालीच्या टोपलीला क्यूआर कोड चिकटायच्या कितीतरी आधी तिथल्या मासळीवाल्या साध्या बटणांच्या फोनवर पैसे घेत होत्या. त्यांचा चामा बँकेच्या फेऱ्या न मारता कसा चालतो ते नीट बघून आलीस तर तुझ्या गटांना त्याचा उपयोग होईल.

मग करायचं काय? मध्यस्थाला बाजूला ठेवून संस्थेलाच लिही. नाव तुला माहीत आहे, पत्ता मिळेल. ‘मला यायचं आहे’ असं लिहू नकोस. तुला काय येतं ते चार ओळींत लिही आणि विचार: तुम्हाला याची गरज आहे का, असेल तर वर्षातल्या कुठल्या महिन्यात, आणि मी रोज कोणाच्या हाताखाली काम करीन? त्या ‘कोणाच्या’चं नाव आलं पाहिजे, आणि ते तिथल्याच माणसाचं हवं. नुसतं ‘आमच्या टीमसोबत’ असं उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे. माझा अंदाज आहे की बायका तुला रॅकबद्दल काहीच विचारणार नाहीत, बर्फाबद्दल विचारतील. किंवा म्हणतील, दप्तर आमचं आम्ही लिहितो, पण मोंबासाचा व्यापारी वजनात मारतो, त्याचं काय करायचं ते सांग. तसं झालं तर आनंदाने टुणकन उडी मार, कारण मग तुला खरंच बोलावलंय.

आणि जायच्या आधी तीन महिने इथूनच काम कर. आपल्यात आणि त्यांच्यात अडीच तासांचा फरक आहे. त्यांचे दुपारचे चार म्हणजे आपले साडेसहा, देवापुढे दिवा लावायची वेळ. दर रविवारी तासभर व्हिडिओवर बोल, त्यांच्या वहीचे फोटो मागव. तीन महिन्यांत दोन्ही बाजूंना कळेल की तुमचं जमतंय की नाही, आणि नाही जमलं तर कोणाचे एक लाख नव्वद हजार बुडणार नाहीत. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 1971 पासून चालू आहे, तोसुद्धा घरबसल्या ऑनलाइन करायची कामं देतो आणि त्यासाठी पैसे घेत नाही. त्याच्या नावाने कोणी फी मागितली तर ठग समज.

पैशांबद्दल बाबांचं म्हणणं मला अर्धं पटतं. फुकट राबायला पैसे भरणं विचित्र वाटतं खरं. पण तू तिथे जेवणार, राहणार, आजारी पडलीस तर कोणीतरी तुला रिक्षात घालून दवाखान्यात नेणार. हा भार छोट्या संस्थेने का उचलावा? चिपळूणला 22 जुलै 2021 चा पूर आला त्यानंतर मी तिथे आठ दिवस होते. सगळ्यात उपयोगी पडली ती माणसं आपला डबा, आपलं अंथरूण, आपली फावडी-घमेली घेऊन आली होती आणि ‘कोणाच्या घरातला चिखल काढू?’ एवढंच विचारत होती. आणि सगळ्यात मोठा ताप कशाचा झाला असेल, तर जुन्या कपड्यांच्या ढिगांचा. एका शाळेच्या व्हरांड्यात भिजलेल्या साड्यांच्या गाठोड्यात मला एक जरीचा शेरवानी सापडला होता. असो. सांगायचं एवढंच, की स्वतःचा खर्च स्वतः करणं यात लाज नाही, रीत आहे. फक्त तो पैसा कुठे जातो ते विचार. एक लाख नव्वद हजारांतले किलिफीत किती पोचतात, हे कंपनीला लेखी विचार. गुळमुळीत उत्तर आलं की समजून जा. थेट संस्थेशी ठरवलंस तर राहण्याजेवणाचे पैसे ज्या घरात राहशील त्या घराला दे. वेळासला कासवं बघायला येणारे लोक गावातल्या घरांत उतरतात आणि जेवणाचे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात पडतात, तसं. आणि परतीचं तिकीट काढायचे पैसे शेवटपर्यंत वेगळे ठेव, त्यांना हात लावायचा नाही. घरी परत यायला कोणाची परवानगी लागता कामा नये.

एक मात्र बजावून सांगते. तिथे पोचल्यावर ‘सध्या मासळीचं काम बंद आहे, तोवर अनाथाश्रमात मुलांशी खेळा’ असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हण. अशा आश्रमांतल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलं गोळा केली जातात, हे अनेक देशांत उघड झालेलं आहे. केनिया सरकारचंच 2022 पासूनचं धोरण मुलांना आश्रमांतून काढून कुटुंबांत परत पाठवायचं आहे. दर तीन महिन्यांनी लळा लावून निघून जाणारी नवी ताई त्या पोरांना नकोच.

कागदपत्रांचं भराभर सांगते, कारण यात मत द्यायला फार जागा नाही. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी आधी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यायची पद्धत आणली आहे. पण ती भेटीसाठी आहे. पर्यटक म्हणून शिरून काम करणं, पगार नसला तरी, तिथे बेकायदाच. कामाचा परवाना संस्थेला काढावा लागतो. ‘इमिग्रेशनवर फिरायला आलेय असं सांगा’ असं कंपनी म्हणाली तर तिथेच व्यवहार मोडायचा. संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते विचार: सार्वजनिक हिताच्या संस्थांचा तिथला नवा कायदा मे 2024 पासून लागू आहे, आणि अगदी लहान गट 2022 च्या समुदाय-गट कायद्याखाली नोंदतात. कुठलीच नोंद नसेल तर परवाना काढणार कोण? मासेमारीच्या प्रत्येक बंदरावर आपल्या मच्छीमार सोसायटीसारखी एक किनारा-व्यवस्थापन समिती असते. संस्थेचं तिच्याशी जमतं की वाकडं आहे, हेही विचार. आपल्याकडे सोसायटीशी वाकडं घेऊन बंदरावर कोणाचं चाललंय?

पीतज्वराची लस जायच्या निदान दहा दिवस आधी घे. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तेव्हा मुंबईची एक फेरी धर. केनियाहून परतताना तिचा दाखला नसेल तर आपलंच सरकार तुला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. किलिफीत मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, आणि परत आल्यावर ताप आला तर ‘मी आफ्रिकेत होते’ हे पहिलं वाक्य. विमा काढ. मोंबासात भारताचं सहायक उच्चायुक्तालय आहे, त्याचा नंबर फोनमध्येही ठेव आणि कागदावरही. ‘उमेद’ची रजा लेखी घे, कंत्राटी नोकरीत तोंडी शब्दाला किंमत नसते हे तुला माहीत आहे.

आईचं राहिलं. ‘आपल्या गावातलं काम संपलं काय?’ हा प्रश्न टोमण्यासारखा वाटतो, पण तो चांगला प्रश्न आहे आणि त्याला ‘नाही’ हेच खरं उत्तर आहे. तसं सांग तिला. संपलेलं नाही, तीन वर्षं तेच करतेय, आणि बारा आठवड्यांनी परत येऊन तेच करणार आहे. हवं तर तिला महर्षी अण्णा कर्व्यांचं सांग. शेरवलीत जन्मलेले, मुरुडला वाढलेले अण्णा डिसेंबर 1930 मध्ये वयाच्या 72व्या वर्षी आफ्रिकेला गेले. मोंबासा, युगांडा, झांजीबार करत दक्षिण आफ्रिकेपर्यंत पंधरा महिने फिरले. पण लक्षात घे, ते तिथे कोणाचा उद्धार करायला गेले नव्हते. बायकांच्या शिक्षणाच्या इथल्या कामाबद्दल तिथल्या आपल्या लोकांना सांगायला गेले होते. इथलं काम संपलं नव्हतं म्हणूनच गेले. आईला हे पटेल की नाही सांगता येत नाही, मुरुड जवळ असल्यामुळे कदाचित पटेल.

पळून चाललेय का? अगं, थोडीशी असशीलही. सव्विसाव्या वर्षी, घरात स्थळांच्या पत्रिका येत असताना, कोणाला तीन महिने लांब जावंसं वाटणार नाही? मला तर तेव्हा रत्नागिरीला जाऊनसुद्धा मोकळं वाटायचं. फक्त लग्नाचा विषय किलिफीच्या नावाखाली टाळू नकोस. नको असेल तर इथेच, ओटीवर बसून ‘नको’ म्हण. आणि हवं असेल, पण पुढच्या वर्षी, तर तसं म्हण. नाहीतर तिथे रोज संध्याकाळी फोनवर हेच चालेल आणि त्या बायका बिचाऱ्या विचारत बसतील, हिच्या घरी झालंय काय?

राहिला ता. क. कपडे, पेनं, चॉकलेटं नको. तुझ्या गटाच्या बायकांनी लिहिलेली एक जुनी दप्तराची वही ने, खाडाखोडीसकट. ‘आमचंही असं चुकतं’ हे त्यांना वहीच सांगेल. आणि आमसुलं ने. त्या किनाऱ्यावर मासळीला चिंच लावतात, तिला ‘उक्वाजू’ म्हणतात. आमसुलाचं कालवण त्यांना कसं लागतं ते मला कळव. खाण्याच्या वस्तू नेण्याचे नियम आधी विचारून घे, आणि आमसुलं प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नकोस. आपल्याकडेही 2018 पासून बंदी आहे, ती कशी आहे ते दापोलीच्या बाजारात दिसतंच. केनियात ऑगस्ट 2017 पासून आहे आणि तिथे पिशवीसाठी मोठा दंड होतो, तुरुंगाचीही तरतूद आहे. काचेच्या बरणीत भर, बरणी टॉवेलात गुंडाळ. टॉवेल जरा जुना घे, डाग जात नाही.